काठीला काय टांगलंय

आमच्या बाजारात दुकानाला पाटी नसते.
होडीच्या नाकावर बांबू उभा करायचा,
विकायचं ते वर टांगायचं.
अननस तर अननस, भोपळा तर भोपळा.
हाऊ नदीवर पहाटे धुक्यात
आधी काठ्या दिसतात,
माणसं मागाहून.

मी शेवयांचा रस्सा विकते. वाफ कशी टांगणार?
गिऱ्हाईक वासावर येतं.
माझी काठी कपडे वाळत घालायला,
आणि काठीवरचे कपडे विकायचे नसतात
हे कोणाला सांगावं लागत नाही.
लागत नव्हतं.

शेजारच्या होडीतली दिएम, थोआनची धाकटी,
दोन वर्षांपूर्वी तिनं काठीला फोन टांगला,
अननसाच्या वीतभर खाली.
मी विचारलं, हा विकायचाय?
म्हणाली, मावशी, हा नाही. ह्यातून.

ह्यातून काय काय विकतात ते हळूहळू कळलं.
कोणी सायगावात, कोणी पार जर्मनीत
दुसऱ्यांची नखं रंगवता रंगवता
बोटानं गुलाब पाठवतं.
गुलाबाला वास नाही, पैसे आहेत;
निम्मे अ‍ॅपवाला आधीच खुडून घेतो.
मग माशांच्या सॉसची कंपनी आली :
बाटली अशी धर, लेबल नदीकडे नको, आमच्याकडे.
मग गोरं करायचं क्रीम.
ते तिनं आठवडाभर खरंच लावलं,
गाल सोलून निघाले,
व्हिडिओत मात्र पहिल्या दिवशीचेच गाल.

मलाही कामाला लावलं तिनं.
ती अननस फेकते, मी झेलते.
उजेड बरा नसला की पुन्हा.
एकच अननस एका सकाळी नऊदा झेलला मी,
दहाव्यांदा रस कोपरापर्यंत ओघळला.
झेलायचे पन्नास हजार डोंग, म्हणजे दोन वाट्या रस्सा.
घेतले. का नाही घेणार?
ट्रक आता मळ्यातूनच माल उचलतात,
उरलेल्या काठ्या मी बसल्या जागी मोजते.
तिचे अननस होडीच्या तळाशी आंबतात.
तीन लाख माणसं ते बघतात.

आता पानाची गोष्ट.
काठीला झावळी बांधली
तर होडीच विकायची आहे, हा इथला जुना करार.
कागद नाही, शिक्का नाही. पान.
दिएमनं ती बांधली टेटच्या सणानंतर,
खाली बसून डोळे पुसले,
म्हणाली, आमचा निरोप घ्या.
त्या सकाळी गुलाब, सिंह, विमानं,
फोन तव्यासारखा तापला.
वर्षाचं डिझेल सुटलं, मी हिशेब केला.

दुपारी विन्हलाँगकडून एक माणूस आला,
साठीचा, वल्ही मारत,
पैसे सदऱ्याच्या आत पिशवीत.
काठीकडे बघितलं, लाकडावर मूठ आपटली,
भाव विचारला.
दिएम हसली. काका, ते व्हिडिओपुरतं.
तो म्हणाला, पान बांधलंय.
ती म्हणाली, हो, पण
तो म्हणाला, पान बांधलंय.

थोआन उठला. अर्धांगानंतर तो सहसा उठत नाही.
पाहुण्याला हात देऊन वर घेतलं
आणि इंजिनावरची ताडपत्री सोडायला लागला.
फोन चालूच.
दिएम मधोमध, एकीकडे बाप, एकीकडे तीन लाख,
आणि पहिल्यांदाच तिला
कुठे बघावं ते सुचेना.

पुढचं मला नीट विचारू नका,
माझ्याकडे चार गिऱ्हाइकं होती, रस्सा उतू जात होता.
होडी अजून तिथेच आहे. झावळीही, वाळलेली.
विसार दिलाय म्हणतात, नाहीही म्हणतात.
तो माणूस महिन्यातून एकदा येतो,
थोआनजवळ बसून चहा पितो, जातो.
दिएम त्याचाही व्हिडिओ करते.
आता तो केस विंचरून येतो.

काल म्हणाली, मावशी, मागे दिसतो ना
तुमचा जांभळा फुलांचा सदरा,
चाळीस जणींनी भाव विचारलाय.
मी म्हटलं, अगं, वाळत घातलाय तो.
म्हणाली, हो, पण टांगलाय.

काखेत ठिगळ आहे त्याच्या.
रात्री दव पडलं,
तरी मी तो आत घेतला नाही.